आशाबाईच्या न झालेल्या उलट्या

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

सेनगावाजवळच्या आपल्या वाडीवरून,
दिवाळीच्या अलीकडचा रविवार, सन २००३

तीर्थरूप दाजी हरिचंदराव (मुक्काम जवळा बाजार) यांच्या पायाशी धाकटा मेव्हणा उकंडराव याचं डोकं टेकलं असं समजावं.

वि. वि. इकडं समदं ठीक. सोयाबीन काढून झालं, कापूस फुटून राहिला, माय खोकते पण जोमानं खोकते. तुमची तब्येत कशी हाय असं विचारायची रीत हाय म्हणून विचारतो. बाकी ती कशी हाय हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक हाय, कारण आक्काचा निरोप दर बाजाराला कोणाच्या ना कोणाच्या तोंडून येऊनच राहिला. दसऱ्याला बरगडीखाली कळ उठली तवा तुमी आडतीच्या दुकानात पोत्यावर आडवे झालात आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की जरा डुलकी लागली (डुलकीत माणूस घामानं निथळत न्हाई, दाजी). डोळे पिवळे दिसले ते उन्हानं, असं बी तुमीच ठरवलं. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, डॉक्टर म्हणले पिशवी काढून टाका, एखादा खडा नळीत जाऊन अडकला तर जिवावर बेतंल. त्यावर तुमी म्हणलात की खडे माझे हायत, मी पाहून घेतो. आक्का त्या दिवसापासून धड जेवली न्हाई.

आता हे पत्र मी तुमाला ऑपरेशनला तयार करायला लिहीत न्हाई, हे आधी सांगून टाकतो. आक्कानं मला तसं काही सांगितलेलं न्हाई (हे वाक्य टाकायला मात्र तिनंच सांगितलं). मी फक्त आमच्या घरच्या, म्हणजे आशाबाईच्या, ऑपरेशनाची हकीकत कळवून राहिलो. तुमच्या अपेंडिक्साच्या वेळेस मी तिथंच होतो, त्यामुळं तुमी काहून नाही म्हणता ते मला बराबर ठाऊक हाय. पाणी पेलात की ओकलात, कुशीवर वळलात की ओकलात, आणि आमचे बापू (देव त्यांना तिकडं सुखात ठेवो) कोरं धोतर नेसून जावयाची विचारपूस करायला आले तर त्यांच्या धोतरावर ओकलात. सासऱ्याच्या धोतरावर. बापू असू द्या असू द्या म्हणत मागं सरकले आणि तुमी भिंतीकडं तोंड केलं ते घरी जाईस्तोवर वळवलं न्हाई. तवापासून तुमी लोकांना सांगता की कापण्याची भीती न्हाई, त्या ओकण्याचा कंटाळा हाय. दाजी, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण तो कंटाळा न्हाई, ती लाज हाय. आख्ख्या बाजारात ज्याच्या शब्दावर कापसाचा भाव ठरतो, त्यानं चार पाहुण्यांपुढं लेकरासारखं ओकावं, हे तुमाला अजून सहन होत न्हाई. मी तुमच्या जागी असतो तर मला बी झालं नसतं.

आता आशाबाईचं ऐका. सुदाम झाल्यावर तिचं कॅम्पात ऑपरेशन झालं होतं (ते कुटुंब लहान ठेवायचं). तिथून जीपमध्ये घरी आणताना ती ओकत आली आणि घरी बाजेवर पडून ओकत राहिली. ओकारी आली की पोट आवळायचं, पोट आवळलं की टाके ताणायचे, आणि आत कुठंतरी एक टाका उसवला तो उसवलाच. वरची कातडी मिळून आली, आतली भिंत काही मिळाली न्हाई. पुढं त्या जागी लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागला, मग संत्र्याएवढा. डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात. तिनं त्यावर पट्टा आवळून इतकी वर्सं निंदणी केली, कापूस वेचला, पोरं वाढवली आणि माझी कटकट ऐकली. औंदा पोळ्याला तो फुगवटा आत जाईचना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी दाबून दाबून आत ढकलला आणि सांगितलं की पुढच्या बारीला आतडं अडकून काळं पडलं तर मग माझ्या हातात काही राहणार न्हाई. तर आमची आशाबाई काय म्हणती, मी पुन्हा ओकणार, पुन्हा टाके उसवणार, मग कापायचं कशाला. हेच मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणले की हा सवाल माझा न्हाई, भुलीच्या बाईंचा हाय, त्यांना भेटा.

दाजी, मला तोवर वाटायचं की भूल देणारं माणूस म्हणजे नाकाला फडकं लावणारं माणूस. (तुमाला बी असंच वाटत असंल, दुकानात विचारून पाहा, समद्यांना असंच वाटतं.) तर या बाई निघाल्या डॉक्टरीणच, आणि डॉक्टरकीच्या वर आणखी शिकलेल्या. मिनाबाई त्यांचं नाव, माहेर आखाडा बाळापूरचं. त्यांचा स्वतःचा दवाखाना न्हाई. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात स्कूटीवर फिरतात, पुढं पायाशी औषधांची पेटी. कापणारे डॉक्टर आपापल्या जागी थांबून त्यांची वाट पाहतात. उंचीनं आपल्या दुकानाच्या काट्याएवढ्या असतील, पण त्या आल्याबिगर हिंगोलीत कोणाचं पोट उघडत न्हाई.

त्यांनी आशाबाईला समोर बसवलं आणि विचारलं, गाडी लागते का. झालं, आमी समदे हसलो. तिला एस.टी. लागते हे सांगायची गोष्ट हाय का? सेनगावहून बस सुटली की नर्सी यायच्या आत तिचं तोंड खिडकीबाहेर. आमच्या रस्त्यावरचे कंडक्टर तिला तिकिटाआधी खिडकी देतात आणि मागच्यांना काचा लावून घ्यायला सांगतात. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, पदराच्या गाठीला आवळासुपारी बांधून झाली, सीटवर पेपर अंथरून त्यावर बसून झालं (हा उपाय कोणी काढला देव जाणे, पण समदा तालुका करतो). लग्नाच्या वरातीत बी ती ओकतच आली होती. मी म्हणायचो की मला पाहून ओकली. हा विनोद मी जलमभर केला आणि ती बिचारी जलमभर ऐकत आली. मिनाबाई मात्र एकदा बी हसल्या न्हाईत. पुढं बसल्यावर कमी होतं का, जीपमध्ये जास्त होतं का, त्या कॅम्पाच्या वेळेस किती दिवस चाललं, उलटीत काय पडायचं, असं एकेक विचारत गेल्या. आशाबाईचं ओकणं इतक्या मानानं कोणी ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ती पदर सावरून ताठ बसली आणि माझ्याकडं न पाहता समदं सांगायला लागली, आणि त्यातलं निम्मं मला बी ठाऊक नव्हतं.

मग बाईंनी आमाला समजावलं. भुलीनंतर कोण ओकणार हे त्यांना आधीच बरंच कळतं. त्याच्या खुणा हायत. बाईमाणूस असलं तर एक खूण. बिडी-सिगारेट न ओढणारं असलं तर दुसरी. गाडी लागत असली तर तिसरी, आणि आधीच्या ऑपरेशनाला ओकलेलं असलं तर चौथी. आशाबाईला चारपैकी चार. दाजी, आमच्या खानदानात कोणत्याच परीक्षेत कोणाला पैकीच्या पैकी मिळालेले न्हाईत. माझा ऊर असा भरून आला की मी उठून बाईंना नमस्कार केला. आणि ती बिडीची गोष्ट ऐकून तर मी खिशातलं बंडल चाचपलं. ओढणाऱ्याला मळमळ कमी होते, हे मी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर चार लोकांना सांगून बी टाकलं. पण बाईंनी त्याआधीच कान उपटले होते, की ओढणाऱ्याच्या उलटीची काळजी थोडी कमी असती, पण त्याच्या छातीची काळजी इतकी असती की त्याला झोपवताना मला घाम फुटतो. तुमी बिडी सोडली ते चांगलंच केलं. तुमाला गाडी लागत न्हाई, तुमी बाईमाणूस न्हाई. मी हिशेब करून पाहिला, तुमच्या चारपैकी दोनच खुणा भरतात. (आशाबाईपेक्षा कमी. वाईट वाटून घेऊ नका.)

यापुढची गोष्ट मला अजून उमगलेली न्हाई, फक्त मी ती मानतो. उलटी झाल्यावर औषध देतात हे आपल्याला ठाऊक हाय. पण उलटी यायच्या आधी, माणूस गाढ झोपेत असताना, त्याला काही कळत नसताना, ती उलटी वाटेतच अडवायची, हे कोणाच्या डोक्यात आलं असंल? बाई म्हणल्या, झोप लागल्या लागल्या सलाइनीतून एक औषध देते, टाके घालत आले की दुसरं देते; एकातून निसटली तर दुसऱ्यात सापडते. सलाइन भरपूर लावते, आणि दुखण्यावरचं औषध जपून देते, कारण त्यानं बी मळमळतं. हमी कोणी देऊ शकत न्हाई, म्हणल्या, पण आमी आता उलटी व्हायची वाट पाहत बसत न्हाई. मी ती बाटली दाखवा म्हणलो. करंगळीएवढी काच, आत पाण्यासारखं पाणी. मी ती उजेडात धरून पाहिली आणि मला कसंतरीच झालं, कारण तेवढं पाणी त्या कॅम्पाच्या दिवशी असतं तर आशाबाईनं इतकी वर्सं पट्टा आवळला नसता. मग आशाबाई हळूच म्हणली, कापा.

आता आमची अक्कल ऐका. बाईंनी बजावलं होतं की रात्री हलकं जेवण, त्यानंतर पोटात काही न्हाई, सकाळी चहा न्हाई. आमी शब्दाला जागणारी माणसं. आशाबाई उपाशी राहिली, तिच्यासंगं माय उपाशी राहिली (तिला कोणी सांगितलं नव्हतं). सकाळी निघताना मायनं तिच्या हातावर दहीसाखर ठेवली. एवढ्या मोठ्या कामाला निघालेल्या सुनेला कोरड्या हातानं कसं पाठवायचं? गल्लीच्या तोंडाशी शेजारची पारुबाई वाटी घेऊन उभीच होती. एकीचं घेतलं आणि दुसरीला न्हाई म्हणलं तर तिला काय वाटंल. हिंगोलीत आशाबाईचा भाऊ सोनाजी राहतो, त्याच्या उंबऱ्यावर त्याच्या बायकोनं ठेवलं. वर औंढ्याहून आणलेला प्रसाद, त्याला कोण न्हाई म्हणतं. दवाखान्यात नर्सनं विचारलं, काही खाल्लं का. आमी समद्यांनी एका आवाजात सांगितलं, काही न्हाई, रात्रीपासून न्हाई. आणि दाजी, नागनाथाची आण, आमच्यातलं कोणी खोटं बोलत नव्हतं. खाणं म्हणजे ताटात वाढलेलं. हातावरचं असतं तो शकुन.

मिनाबाई आल्या, त्यांनी बी तेच विचारलं, आमी बी तेच सांगितलं. त्या पेटी उघडायला वाकल्या, आणि वाकल्या वाकल्याच, सहज, माहेरवाशिणीच्या सुरात मायला म्हणल्या, आजी, निघताना हातावर काय ठेवलं हो लेकराच्या? मायनं छाती पुढं काढली. दही ठेवलं, म्हणली, सायीचं, आमी काय तशीच आणली का तिला. मग तिनं पारुबाईचं सांगितलं, सोनाजीच्या बायकोचं सांगितलं, प्रसादाचा तर हातानं आकार करून दाखवला. बाईंनी पेटी मिटली. ऑपरेशन दुपारच्या पार टोकाला ढकललं, मधे दुसरा पेशंट घेतला. मोठे डॉक्टर बाहेर येऊन आमच्याकडं अशा नजरेनं पाहून गेले की मी भिंतीवरचा आरोग्याचा तक्ता वाचायला लागलो. मी बाईंना म्हणलो, अहो, ते शकुनाचं होतं, पोटाचं नव्हतं. त्या म्हणल्या, काका, पोटाला शकुन कळत न्हाई. मग मला बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर झोपलेलं माणूस खोकू शकत न्हाई, ते छातीत उतरतं, आणि मग माणूस हातचं जातं. आमी तीन घरांनी मिळून, लाडानं, चमच्या-चमच्यानं तिला घालवून बसलो असतो, आणि वर म्हणलो असतो की शकुन तर चांगला केला होता. बाहेरच्या बाकावर बसून मी डोळे पुसले, आता काय लपवायचं तुमच्यापासून.

मायला कोणी बोललं न्हाई, पण तिला कळलं. ती कोपऱ्यात तोंड एवढंसं करून बसली, पदराखाली ती दह्याची वाटी (परत निघताना लागंल म्हणून आणलेली). मिनाबाई तिच्याजवळ गेल्या आणि त्यांनी आपला हात पुढं केला. म्हणल्या, आजी, आज काम तर मला करायचं हाय, सून नुसती झोपणार. मग शकुन माझ्या हातावर ठेवा. मायनं वर पाहिलं, दही ठेवलं, वर साखर ठेवली, आणि त्या शिकलेल्या बाईनं ते आमच्यादेखत खाल्लं, तळहात चाटला आणि नळावर हात धुवायला गेल्या. माय आता रोज सकाळी देवाला हात जोडते तवा दोन नावं घेते, एक नागनाथाचं आणि दुसरं बाळापूरच्या लेकीचं.

दिवस कलताना आशाबाईला आत नेलं. मी काय काय नवस बोललो ते सांगत न्हाई, फेडायला लागतील. मधे दोनदा दार उघडलं, दोन्ही वेळा मी उभा राहिलो, दोन्ही वेळा झाडूवाली निघाली. शेवटी तिला गाडीवर घालून बाहेर आणली. मी तिच्या डोळ्यांकडं न्हाई, ओठांच्या कडेकडं पाहत होतो, आता येईल, आता येईल म्हणून. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, म्हशीला पाणी पाजलं का असं विचारलं आणि पुन्हा झोपली. बस. काही आलं न्हाई. एकबी उलटी न्हाई, दाजी. जिनं नर्सी कधी धडपणी ओलांडली न्हाई, ती एवढ्या लांबून परत आली आणि ओठ कोरडे. माणूस चंद्रावर गेल्याचं मी लहानपणी रेडिओवर ऐकलं होतं, तवा मला असं झालं नव्हतं; चंद्रावर आपलं कोण हाय. मी त्या सलाइनच्या नळीकडं बघत बसलो. त्यातून टिपूस टिपूस पडत होता आणि माझी बायको शांत झोपली होती. मिनाबाई आल्या, नाडी पाहिली, पापणी पाहिली, आणि दुसऱ्या दवाखान्याला निघाल्या सुद्धा. मी त्यांची पेटी उचलून खाली स्कूटीपर्यंत पोचवली. (मी असं कोणासाठी करत न्हाई हे तुमी जाणताच.)

जाता जाता मला एक काम मात्र देऊन गेल्या. आधी घोटभर पाणी, ते राहिलं तर आणखी घोटभर, त्यापलीकडं मी येईस्तोवर काही न्हाई. खोलीत गर्दी न्हाई, वास न्हाई, तिला धरून एकदम बसवायचं न्हाई. मी दाराशी स्टूल टाकलं. दाजी, निजामाच्या वेशीवर अरब पहारेकरी बसायचा तसा बसलो. तिची मावशी मोगऱ्याचा गजरा घेऊन आली, गजरा बाहेर. गावाकडची दोघं भजी घेऊन आली, भजी बाहेर आणि दोघं बी बाहेर. मग सोनाजी आला, डबा घेऊन, गावरान कोंबड्याचा रस्सा, ताकदीसाठी. मी आडवा झालो. तो म्हणला, माझ्या बहिणीला तुमी उपाशी मारून राहिले. मी म्हणलो, तुझ्या बायकोनं सकाळी जवळजवळ मारलीच होती. यावर तो तीन पिढ्यांचं बोलला, मी चार पिढ्यांचं बोललो, आणि नर्सनं आमा दोघांना जिन्याखाली पाठवलं. तिथं डबा गरम होता आणि आमी दोघं बी सकाळपासून उपाशी, तवा त्या रश्श्याचं जे व्हायचं ते झालं. वर आलो तर नर्सनं दारातच हुंगलं आणि म्हणली, काका, वास येतो, तुमी बी बाहेर. अशा रीतीनं पहारेकरी पहाऱ्यातून निलंबित झाला. त्या दिवसापासून सोनाजी आणि मी मात्र एकमेकांशी नीट बोलतो.

आता आशाबाई घरी हाय. जड उचलत न्हाई, म्हणजे माझ्यादेखत उचलत न्हाई. आत जाळी बसवली हाय, पोट सपाट, पट्टा तिनं स्वतःच्या हातानं चुलीत घातला. माझं म्हणणं एवढंच हाय, दाजी, की जग लई पुढं गेलं आणि आपण आडतीवर बसून राहिलो. तुमी ज्याला भिता ते आता होतच न्हाई. एकबी उलटी न्हाई, हे मी पुन्हा लिहितो. यापुढं तुमची मर्जी. मी आग्रह करणार न्हाई, कारण मला आक्कानं काही सांगितलेलंच न्हाई. मायचा तुमाला आशीर्वाद, आक्काला माझा नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला (एवढी एक बाब सोडून),
उकंडराव

ता. क. तुमच्या नावानं त्या दवाखान्यात येत्या गुरुवारचा नंबर लावून ठेवला हाय. बुधवारी सकाळी रामसिंगची जीप तुमच्या दारात येईल. आक्कानं कपड्यांची पिशवी भरून ठेवली असंल. धान्याच्या कोठीमागं पाहा. मिनाबाईंना तुमच्या दोन खुणा सांगितल्या हायत. निघताना कोणी हातावर काही ठेवायला आलं तर मुठी मिटून घ्या.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायच्या आधी आशाबाईनं हे पत्र सुदामकडून वाचून घेतलं आणि आता ती माझ्यापुढं उभी हाय, पुढचं लिहिल्याबिगर हलणार न्हाई म्हणते. तवा लिहितो. एक उलटी झाली. त्याच रात्री, निजानीज व्हायच्या सुमाराला. ती चहा मागत होती, बारीक आवाजात, आणि मला राहवलं न्हाई. नर्सची पाठ वळली तवा मी बशीत ओतून पाजला, अर्धी बशी, फुंकर घालून. तो राहिला न्हाई. मिनाबाई पुन्हा आल्या, सलाइनीतून आणखी एक औषध दिलं, तिच्या पोटावर उशी दाबून धरायला शिकवलं म्हणजे टाक्यांना ताण बसत न्हाई, आणि तिथंच थांबलं. टाके शाबूत हायत. पण एक झाली, आणि न्हाई असं मी दोनदा लिहिलं.

ता. क. तिसरं, हे माझं न्हाई, तिचं हाय, ती सांगते तसं उतरवतो. लग्न होऊन आल्यापासून ती तुमच्यासमोर कधी बसली न्हाई, पदराआडून बी कधी बोलली न्हाई, आजच पहिल्यांदा बोलून राहिली. ती म्हणते: भावजींना खोटं सांगून बोलावू नका, न्हाईतर एक जरी झाली तर ते पुन्हा भिंतीकडं तोंड करतील. त्यांना म्हणावं, बहुतेक व्हायची न्हाई. झालीच तर पाहुण्यांना मी बाहेर काढीन, तुमच्या मेव्हण्याला बी काढीन. घमेलं मी धरीन. मला त्याची किळस न्हाई आणि तुमी त्याची लाज धरू नका. तुमी फक्त या.